भिंतीची ओल आणि नोकरीचा अर्ज

वाराणसीत दशाश्वमेधाकडून अस्सीच्या दिशेनं काठाकाठानं चालत निघालं की अहिल्याबाई घाटाला लागून मुन्शी घाट येतो. त्यावरचा चुनारी दगडाचा उंच वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. ते नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले मंत्री. १९१५च्या सुमारास वाडा दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, लगतच्या भागाला दरभंगा घाट हे नाव पडलं, आणि आता तिथे महागडं हॉटेल चालतं. नावेतले पर्यटक वाड्याचे फोटो काढतात आणि त्यांचा वाटाड्या मराठ्यांच्या दानधर्माची गोष्ट सांगतो. गोष्ट खोटी नाही. पण मला ती भिंत पाहताना दानधर्माच्या आधी हजेरीपट आठवतो. दगड वाहून आणणारे, तासणारे पाथरवट, चुना भिजवणारे, नदी उतरल्यावर पायऱ्यांचा पाया धरणारे गवंडी, त्यांच्या हाताखालचे बिगारी. एका माणसाच्या घराच्या हौसेवर किती चुली पेटल्या असतील!

आणि तो माणूस तरी कोण? चाकरी करणारा. नागपुरात कमावलं, काशीत घातलं. पुढे मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्यानं कोकणात चिऱ्याचं घर उठवलं, आज पुण्यात संगणकावर बसणारा मुलगा लातूरकडच्या घरावर आईवडिलांसाठी दुसरा मजला चढवतो; रीत तीच. नोकरी एका गावात लागते आणि तिच्यामुळे मजुरी दुसऱ्या गावात मिळते. अर्थशास्त्राची पुस्तकं याला काय म्हणतील ते म्हणोत, तालुक्याच्या गावात सिमेंटच्या दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसलं तरी हे कळतं. कुणाचा मुलगा कुठे लागला, याची बातमी त्या दुकानदाराला भावकीच्याही आधी असते.

मला म्हणायचं आहे ते या साखळीच्या पुढचं. घराची डागडुजी ही सुट्टीच्या दिवशी उरकायची कटकट आणि नोकरीचा शोध हे आयुष्याचं गंभीर काम, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. छोट्या गावात ही वाटणी खोटी आहे. तिथे घराची कामं हाच रोजगाराचा एक मोठा बाजार आहे, नोकरीच्या बातम्या फिरायचा रस्ताही तोच आहे, आणि माणसाची पारखही तिथेच होते. भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली पिढी या बाजारातून बाहेर पडली, किंवा खरं तर आपण तिला बाहेर काढलं. त्यात तिचं नुकसान झालं आणि घरांचंही.

वाराणसी काही छोटं गाव नव्हे. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांच्या घरात होती. पण मुन्शी घाटामागच्या गल्ल्या आपल्यापुरत्या एखाद्या जुन्या पेठेसारख्याच आहेत. आणि घर सांभाळणं म्हणजे काय, हे शिकायला याहून कडक शाळा सापडायची नाही. इथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरली आहे. ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. एरवीच्या पावसाळ्यातही घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि पाणी ओसरलं की मागे गाळाचे थर उरतात. ते पंपाच्या धारेनं धुवून काढावे लागतात, वाळू दिले तर कुदळीशिवाय निघत नाहीत. नदी परत गेली तरी भिंतीत शिरलेलं पाणी तिच्याबरोबर जात नाही. ते दगडातून, विटेतून वर वर सरकत राहतं आणि बरोबर क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्याच्या मागे साचून फुगतात, आणि दिवाळीला रंगवलेल्या भिंतीचे होळीपर्यंत पोपडे पडलेले असतात.

जुन्या घरांना चुना आणि सुरखीचा गिलावा असे. तो पाणी आत घेतो तसं बाहेरही सोडतो. भिंत हळूहळू सुकते. त्यावर हौसेनं सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेरची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. मालक म्हणतो गवंडी चोर, गवंडी म्हणतो घर जुनं. दोघांच्या भांडणात खरी गोष्ट राहून जाते : चुन्याचं काम सावकाशीचं असतं, आणि ते हातात असलेली माणसं कमी होत चालली आहेत. हा हुन्नर कोणत्याही अर्जात भरायला रकाना नाही.

त्यातून नदीकाठापासून दोनशे मीटरच्या आत नवं बांधकाम करायला मनाई आहे. जुन्याची दुरुस्ती करायची तरी परवानगी काढावी लागते. म्हणजे इथला रोजगार नव्या इमारतींचा नाही, डागडुजीचाच. गल्ली एवढी अरुंद की वाळूचा ट्रॅक्टर आत येत नाही. पोती डोक्यावरून किंवा खेचराच्या पाठीवरून यायची. ज्या कामाला दुसरीकडे यंत्र लागतं, त्याला इथे माणूस लागतो. कोणता माणूस, हे ठरायची पद्धतही ठरलेली आहे. चहावाल्याला विचारायचं, शेजाऱ्याचं न्हाणीघर कुणी केलं ते बघायचं, पुजाऱ्याच्या ओळखीचा कुणी असेल तर त्याला निरोप धाडायचा. वाईच्या किंवा अचलपूरच्या पेठेत याहून वेगळं काय होतं? दुकानात हिशेबाला मुलगा हवा असतो, नव्या लॉजला रात्रपाळीचा माणूस हवा असतो, दवाखान्याला कंपाउंडर हवा असतो. यातल्या कशाची जाहिरात येत नाही. निरोप येतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली या निरोपांचा छडा लावला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं, ही जागा तुम्हाला कळली कशी? निम्म्याहून जास्त लोकांना ती ओळखीतून कळली होती. इथवर नवल नाही. पुढचा प्रश्न नामी होता : त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे जेमतेम सहावा हिस्सा निघाले. निम्म्याहून अधिकांची गाठ अधूनमधून पडायची आणि चौथाईहून अधिकांची तर क्वचितच. कारण उघड आहे. रोज कट्ट्यावर बसणाऱ्या मित्राला तेच ठाऊक असतं जे मला ठाऊक आहे. नवी बातमी आणतो तो लांबचा, इकडून तिकडे फिरणारा माणूस.

आपल्या गावांत हा फिरणारा माणूस कोण? मला वाटतं, घराची कामं करणारा. आज तो सराफाच्या माडीवर टाइल बसवतो, उद्या हेडमास्तरांच्या मोरीचा पाइप बदलतो, परवा बँकेच्या मॅनेजरच्या भाड्याच्या घराला रंग देतो. घरात आठ दिवस राबणाऱ्या माणसासमोर कुणी गप्प बसत नाही. दुकान वाढवायचं चाललंय, मुलगा परदेशी निघालाय, पेट्रोलपंपाला माणूस मिळत नाहीये, हे सगळं त्याच्या कानावर पडतं. त्याच्याबरोबर घमेलं उचलायला आलेल्या बारावी पास पुतण्याच्याही कानावर पडतं. आणि कामाच्या चार दिवसांत घरमालकानंही पुतण्याला पाहिलेलं असतं : वेळेवर येतो का, मोजमाप लिहून ठेवतो का, सांगितलेलं ऐकतो का. मुलाखत झालेली असते, फक्त कुणी तिला मुलाखत म्हटलेलं नसतं.

नोकरीच्या शोधाची मराठीतली सगळ्यात थरारक हकिगत आहे ती विष्णुभट गोडसे यांची. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, आणि कानावर बातमी आलेली की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. १८५७ साली तो काकांबरोबर पायी निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा पाडाव त्यानं आत राहून पाहिला. जे मिळवलं ते लुटलं गेलं. घरी आणली ती गंगेच्या पाण्याची कावड. त्याचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला, तेव्हापासून आपण तो बंडाची साक्ष म्हणून वाचतो. मी तो बेकाराची वही म्हणूनही वाचतो. प्रत्येक गावात पाऊल ठेवलं की आधी आपल्याकडच्या माणसांची चौकशी, मग कुणाच्या तरी मध्यस्थीनं वाड्यात शिरकाव, मग चार दिवसांचं अनुष्ठान. विद्या होती, पण विद्येला दार उघडत होतं ते ओळखीनं.

ओळखीवर उभी राहिलेली रोजी मालकाच्या सावलीत असते, आणि मालक गेला की सावली जाते. १८५१ साली दुसऱ्या बाजीरावांचा तनखा थांबला, १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. काशीतल्या मराठी घराण्यांना हा पैसा आटल्याची झळ लागणारच होती. त्यांच्यातल्या काहींच्या पुढच्या पिढ्यांनी जे केलं त्याचं आपल्याकडे पुरेसं कौतुक झालेलं नाही. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ साली काशीत जन्मले. घर मराठी, वडिलोपार्जित विद्या संस्कृतची. ते १९०६ साली कलकत्त्याला ‘हिंदी बंगवासी’त लागले, आणि १९२० साली काशीत निघालेल्या ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार ठरले. घरच्या भाषेपलीकडच्या भाषेत त्यांनी हात बसवला. बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर त्यांचे मामा, म्हणजे ओळख इथेही होतीच. पण मामा फार तर दारापर्यंत नेऊन सोडतो.

आता महाराष्ट्रात येऊ. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला परीक्षेची फी हजार रुपये. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. तलाठ्याच्या एका जागेमागे दोनशेहून जास्त मुलं. हे गणित त्या मुलांना येत नाही असं समजू नये. परीक्षेत याहून अवघड गणितं ती सोडवतात. तरी ती अभ्यासिकेत बसतात, कारण गावात त्या खुर्चीला मान आहे. ‘काय करतोस?’ या प्रश्नाला ‘तयारी करतोय’ हे उत्तर चालतं. ‘फरशी बसवतो’ हे उत्तर, महिन्याला चांगली मिळकत असूनही, लग्नाच्या बैठकीत चालत नाही. मुलीचा बाप तोंडावर काही म्हणत नाही, फक्त पुन्हा फोन करत नाही.

आणि घरी काय चालतं? नळ गळतो, वळचणीचं पत्र्याचं पन्हाळ सुटलेलं असतं, मीटरजवळची वायर काळी पडलेली असते. बाविशीचा मुलगा घरात असतो, पण त्याला हाक मारायची नाही, तो अभ्यास करतोय. आई मेणकापड पाइपला गुंडाळते आणि प्लंबरची वाट बघते. हे मला मुलाच्या आळसाचं लक्षण वाटत नाही. घरानंच ठरवून टाकलेलं असतं की त्याचे हात राखून ठेवायचे, एका अशा नोकरीसाठी जी दोनशे जणांत एकाला मिळणार आहे. उरलेले तिशीच्या आसपास पोचतात, तेव्हा त्यांच्या हाताला काही येत नसतं आणि गावानं त्यांना काही करताना पाहिलेलं नसतं. दुसरं नुकसान मला पहिल्याहून मोठं वाटतं. हात महिन्यांत शिकता येतो, गावाच्या नजरेतून आठ वर्षं गायब राहिलेल्या माणसाला परत दिसायला वेळ लागतो.

तो प्लंबर येतो कुठून? बऱ्याचदा ओडिशातून. केंद्रापाडा जिल्ह्यातली माणसं प्लंबिंग करत देशभर पसरली आहेत. पट्टामुंडईला त्या विद्येची संस्थाही आहे. एकानं गावातल्या दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं मेहुण्याला. जाहिरातीशिवाय, दलालाशिवाय, एका जिल्ह्यानं देशाच्या न्हाणीघरांचा एक धंदा उभा केला. इथे कुणी म्हणेल, पाहा, परप्रांतीय आमची कामं पळवतात. कामं पळवली नाहीत. आपण ती उंबऱ्याबाहेर ठेवली होती, त्यांनी उचलली.

इथपर्यंत वाचून एखादा वाचक चिडला असेल, आणि त्यानं चिडावं. ज्याला तुम्ही ओळख म्हणता ती कुणाची ओळख? सराफाच्या माडीवर कुणाच्या पुतण्याला शिरता येतं, आणि कुणाला अंगणातच पाणी दिलं जातं? बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते. ज्याच्या आजाला गावानं त्याच्या कामावरूनच ओळखलं आणि त्याच ओळखीत कोंडून ठेवलं, त्याला मी ‘हाताचं काम शिक, गावाला दिसत राहा’ असा उपदेश करावा, यात काही शहाणपण नाही. त्याला तर गावाच्या नजरेतून सुटायचं आहे. परीक्षेच्या केंद्रात आडनाव विचारत नाहीत, बैठक क्रमांक विचारतात. तलाठी भरतीची फी काही घरांत याचसाठी भरली जाते : निदान दोन तास आपण फक्त एक क्रमांक असू. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून सरकारी जागा परीक्षेनंच भराव्यात, वेळेवर भराव्यात, आणि पेपर फुटणार नाही याची हमी द्यावी, यावर माझं दुमत नाही. मला वाद घालायचा आहे तो उरलेल्या एकशे नव्याण्णवांविषयी. त्यांच्यासाठी आज फक्त ओळखीचा बाजार उरतो, आणि तोही जातीच्या, भावकीच्या वाटेनं चालणारा. परीक्षेची निनावी न्यायबुद्धी त्या बाजारात थोडीतरी आणता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, मग पाच टक्के व्याजानं कर्ज. यादीत गवंडी आहे, सुतार आहे, मुन्शी घाटावर उपयोगी पडणारा नावा बांधणारा आहे, धोबी, न्हावी, हार गुंफणारे आहेत. प्लंबर नाही. वायरमन नाही. रंगारी नाही. घराघरांतून ज्यांना सगळ्यात जास्त हाका पडतात तेच नाहीत, कारण योजना घराण्यातून चालत आलेल्या धंद्यांची आहे. लोहाराच्या मुलाला लोहार म्हणून मदत मिळते, आणि मिळावीच. पण लोहाराच्या मुलाला वायरमन व्हायचं असेल किंवा जोश्याच्या मुलीला गवंडी व्हायचं असेल तर? जुनी यादी नव्यानं छापली म्हणून जुनी वाटणी मोडत नाही.

ती मोडण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला आहे, आणि चांगला झाला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी नई तालीम मांडली : हाताच्या कामातून शिक्षण. ती पुढे सरकारी शाळांत टकळी फिरवण्याच्या तासापुरती उरली आणि हास्यास्पद झाली. माझ्या मते खरा वारसा सांभाळला तो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी. ती सोडून १९८३ साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथल्या शिक्षणाची कल्पना साधी होती. मुलांनी आठवड्यातला एक दिवस बांधकाम, वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, स्वयंपाक आणि आरोग्य यांत घालवायचा, आणि खोटा नमुना न करता गावाला लागणारी खरी वस्तू करायची. शाळेचं फाटक, कुणाचा गोठा, ग्रामपंचायतीची टाकी. काम बिघडलं तर गिऱ्हाईक बोलेल, या भीतीनं शिकायचं. शाळा सोडलेल्या मुलांसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम होता. त्यातून त्रिकोण जोडून उभं राहणारं पाबळचं घुमटघर निघालं. कोणत्या जातीच्या मुलानं कोणतं काम करायचं हा प्रश्न तिथे उठत नव्हता, कारण सगळ्यांना सगळं करावं लागे. कलबाग २००३ साली गेले. त्यांचा अभ्यासक्रम अनेक शाळांत पोहोचला, पण राज्याच्या शिक्षणाचा कणा झाला नाही. त्याला कारण शिक्षक कमी किंवा पैसा कमी, असं सांगतात. मला वाटतं, पालकांना तो नको होता. मुलाला सुतारकाम येतं याचा आनंद होणारा मध्यमवर्गीय बाप मी पाहिला आहे, पण मुलगा सुतार झाला याचा आनंद होणारा अजून पाहायचा आहे.

या सगळ्यात मी आतापर्यंत ‘मुलगा, मुलगा’ म्हणत आलो, ते काही सवयीनंच नाही. घराच्या कामाची ओळख पुरुषाच्याच खात्यावर जमा होते. २०१९ च्या केंद्रीय वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. घरची भिंत सारवणारी, गच्चीच्या भेगेत डांबर भरणारी, शिलाई यंत्राचा पट्टा स्वतः बदलणारी बाई रोज पाच तास राबते. तिच्या हाताची तारीफ उंबऱ्याच्या आत राहते. तिचा भाऊ वर्षातून एकदा फ्यूज बदलतो आणि आळीभर ‘त्याला विजेचं समजतं’ असा बोभाटा होतो. मग कुणाकडे पंखा बिघडला की हाक त्याला. ग्रॅनोव्हेटरचा फिरता माणूस पुरुषच असतो, कारण परक्या घरात आठ दिवस जाऊन राबायची मुभा त्यालाच आहे. बाईला ती मुभा मिळते ती धुण्याभांड्यांसाठी, जिथे मजुरी सगळ्यात कमी आणि पुढची पायरी नाही.

महाराष्ट्राला रोजगाराचा हक्क नवा नाही. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांच्या कल्पनेतून प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आलं आणि १९७७ साली कायदा झाला; देशाला तशी हमी मिळायला २००५ उजाडलं. पण ती हमी खेड्याची आणि अकुशल मजुरीची. नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या, बी.ए. झालेल्या मुलीला तिचा उपयोग नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज यांनी २०२० साली शहरांसाठी एक योजना सुचवली, तिची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा झाली नाही. सरकारनं शाळा, दवाखाने, महाविद्यालयं, ग्रंथालयं अशा सार्वजनिक संस्थांना रोजगाराची तिकिटं द्यावीत. एका तिकिटावर एका माणसाचं एका दिवसाचं काम. संस्थेनं ते तिकीट डागडुजीसाठी वापरावं : गळकं छत, तुटकी बाकं, बंद पडलेली संडासं, उडालेला रंग. मजुरी सरकारनं थेट कामगाराच्या खात्यात भरावी. कळीचा मुद्दा पुढे आहे. कामावर कुणाला पाठवायचं हे संस्थेच्या मुख्याध्यापकानं ठरवायचं नाही; नोंदलेल्या लोकांतून एका वेगळ्या यंत्रणेनं पाळीपाळीनं पाठवायचं. म्हणजे मेहुण्याची वर्णी लागायला जागा कमी. नंतर द्रेज यांनी त्यात बायकांना अग्रक्रम द्यावा, असंही सुचवलं.

माझी भर एवढीच की महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांनी ही सुरुवात अभ्यासिकांपासून करावी. त्या इमारती त्यांच्याच आहेत, बहुतेक पावसाळ्यात गळतात, आणि आत नाव नोंदवायला पात्र असलेली शंभरेक मुलंमुली आयतीच बसलेली असतात. महिन्याचे सहा दिवस काम. पहिले दिवस जाणत्या गवंड्याच्या, वायरमनच्या हाताखाली, त्यालाही त्याचे शिकवण्याचे पैसे. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद नावानिशी, फोटोसह, नगरपरिषदेच्या दफ्तरात. परीक्षेचा अभ्यास चोवीस दिवस चालूच राहील. कुणी म्हणेल, मुलं येणार नाहीत, लाज वाटेल. काहींना वाटेल. पण ज्या गावात सगळेच पाळीनं शिडी धरतात, तिथे लाजायचं कुणासमोर? शिवाय पगार खात्यात येणार असेल तर खोलीभाड्यासाठी घरी हात पसरावा लागत नाही, आणि ही गोष्ट पंचविशीतल्या मुलाला, त्याहून मुलीला, किती मोलाची असते हे ज्यांनी तो हात पसरला आहे त्यांना विचारावं. पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. दहा लाख अर्जांमागे हजार-नऊशे रुपयांनी जमा होणाऱ्या फीचा हिशेब मांडला, तर पहिल्या वर्षाच्या चुन्याची, वायरीची आणि बऱ्याचशा मजुरीची सोय एका भरतीच्या गल्ल्यातूनच निघावी.